पुरवणी बिल आलं? आधी कलम पाहा, रक्कम मग

प्रश्न : नागपूरच्या कळमना बाजाराजवळ माझं मिरची-हळद दळण्याचं युनिट आहे. मंजूर भार ३० किलोवॅट, औद्योगिक दर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वीज कंपनीचं भरारी पथक आलं. मीटर तपासून अहवालात लिहिलं, ‘बी फेजचा करंट शून्य, मीटर ३३ टक्के कमी नोंदवतो.’ आता २२ महिन्यांच्या फरकाचं २,३१,००० रुपयांचं पुरवणी बिल आलंय आणि पंधरा दिवसांत भरा, नाहीतर लाइन कापू, अशी नोटीस. त्याच अहवालात ‘पुढील खोलीत किरकोळ विक्रीचा काउंटर’ असंही लिहिलंय. मी सही करून दिली. एक ओळखीचे वकील म्हणतात ग्राहक मंचात केस टाका. शेजारचे म्हणतात अर्धे पैसे भरून मोकळे व्हा. फेब्रुवारीत माल सुरू होईल, तेव्हा लाइन नसेल तर धंदाच बसेल. काय करावं?

उत्तर :

भाऊ, अर्धे पैसे भरून मोकळं होता येत नाही. काही न लिहिता भरलेले पैसे म्हणजे मागणी मान्य, असा अर्थ पुढे लावला जातो, आणि उरलेले अर्धे बिलावर व्याजासकट दर महिन्याला दिसत राहतात. ‘ग्राहक मंच’ हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या ठिकाणांसाठी वापरतात, त्यातलं एक तुमच्या कामाचं नाही. त्याआधी हातातला कागद नीट वाचा.

नोटिशीवर आणि बिलासोबतच्या पत्रावर विद्युत अधिनियम, २००३ चं कोणतं कलम लिहिलंय? सगळा खेळ त्यावर आहे. कलम ५६ असेल किंवा नुसतं ‘फरकाचं बिल’, ‘पुरवणी बिल’ असेल, तर हा बिलाचा वाद आहे आणि तो वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचात जातो. कलम १२६ असेल तर तो अनधिकृत वापर. त्यात आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरले जातात. ते प्रकरण मंच दाखलच करून घेत नाही. कलम १३५ म्हणजे चोरी. तिथे लाइन लगेच कापता येते, कंपनीला २४ तासांत पोलिसात तक्रार द्यावी लागते आणि प्रकरण विशेष न्यायालयात जातं. १३५ दिसलं तर हे सदर बाजूला ठेवून त्याच दिवशी फौजदारी वकील गाठा.

तुमच्या पत्रावरून हे ५६ चं प्रकरण दिसतं. तरी अहवालाची प्रत पुन्हा काढून सीलचा रकाना पाहा. मीटर, टर्मिनल कव्हर आणि सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) बॉक्स या तिन्हींची सील ‘सुस्थितीत’ असं लिहिलं असेल तर तो कागद जपून ठेवा, कारण सील शाबूत म्हणजे आत तुमचा हात गेला नाही. रकाना कोरा असेल तर आजच उपविभागाला पत्र द्या : ‘तपासणीच्या वेळी सर्व सील शाबूत होती, तशी नोंद अहवालात नाही, ती करावी.’ पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगून आलात तर त्याला काहीही किंमत नाही. सही करून दिल्याची फार काळजी करू नका. अहवालावरची सही म्हणजे तपासणी तुमच्यासमोर झाली एवढंच. रक्कम कबूल केली असं त्यातून निघत नाही.

आता मीटरकडे. ३० किलोवॅटला सहसा सीटीचा मीटर असतो. आर, वाय, बी या तीन फेजवर तीन सीटी, त्या मोठा करंट लहान करून मीटरला देतात. एका सीटीची तार सैल झाली, स्क्रू काजळला किंवा सीटीच जळाली, तर मीटर त्या फेजचा वापर मोजत नाही. दळणाच्या युनिटमध्ये हे सर्रास होतं, कारण पल्व्हरायझर ज्या भिंतीला हादरे देतो त्याच भिंतीवर मीटर बॉक्स असतो, आणि हादऱ्याने टर्मिनलचे स्क्रू ढिले पडतात. तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर मीटर खऱ्या वापराच्या दोन तृतीयांश नोंदवतो. म्हणजे ४४,००० युनिट नोंदले गेले असतील तर खरा वापर ६६,००० आणि फरक २२,०००. नोंदलेल्या युनिटच्या निम्मं. ‘३३ टक्के कमी’ आणि ‘५० टक्के वाढ’ ही एकाच गोष्टीची दोन नावं, म्हणून ५० टक्के वाढ लावली म्हणून तेवढ्यावर भांडू नका. ते गणित बरोबर आहे.

भांडायचं ते कालावधीवर आणि भार खरंच सारखा होता का यावर.

कालावधी ठरवणारा कागद म्हणजे मीटरचा एमआरआय डेटा, म्हणजे वाचन यंत्राने मीटरमधून उतरवून घेतलेली माहिती. मीटरच्या स्मृतीत ‘बी फेज करंट मिसिंग’ अशा घटनांची तारीख-वेळ असते. घटना कधी सुरू झाली आणि कधी पूर्ववत झाली, दोन्ही. सैल तारेचा दोष असेल तर तो सलग नसतो. महिनाभर करंट येतो, आठ दिवस जातो, पुन्हा येतो. कंपनीचा तक्ता मात्र पहिल्या नोंदीपासून तपासणीच्या दिवसापर्यंत सलग २२ महिने धरतो. पूर्ववत झाल्याच्या नोंदी असतील तर ते दिवस वजा झालेच पाहिजेत. स्मृतीत ठरावीक संख्येच्याच घटना राहतात, नवी आली की जुनी पुसली जाते. म्हणून हा डेटा आजच लेखी मागा, मीटर काढून नेला असला तरी मागा.

मीटर काढला असेल तर तो तुमच्यासमोर पिशवीत घालून, सील करून, दोघांच्या सह्या घेऊन नेला का, ते आठवा आणि लिहून ठेवा. प्रयोगशाळेत चाचणीची तारीख लेखी कळवा, मी हजर राहीन, असं पत्रात टाका. आणखी एक गोष्ट नेहमी बिघडते : पथक तपासताना स्क्रू आवळून टाकतं, बी फेज सुरू होतो, पण दोष नेमका कुठे होता हे अहवालात येत नाही. सीटी जळाली, सीटीपासून येणारी तार सैल झाली की मीटरच्या आतला भाग गेला? हे लेखी विचारा. पुढच्या युक्तिवादाचा निम्मा भार याच उत्तरावर आहे.

तो युक्तिवाद असा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेत विनियम १६.४ सदोष मीटरच्या बिलाबद्दल आहे. चाचणीत मीटर सदोष निघाला तर वाद उद्भवला त्या महिन्याच्या आधीचे जास्तीत जास्त तीन महिने बिल दुरुस्त करता येतं. तुमच्या बाबतीत सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. २२ महिन्यांत मिरचीच्या मोसमाचे आठ महिने महिना ३,४०० युनिट आणि बाकीचे चौदा महिने १,२०० असा वापर धरला, तर एकूण बरोबर ४४,००० होतो. मग तीन महिन्यांचे नोंदलेले ३,६०० आणि फरक १,८०० युनिट. कुठे २२,००० आणि कुठे १,८००. तुमच्या बिलाच्या हिशोबाने, म्हणजे युनिटला साडेदहा रुपये धरून, १८,९०० रुपये.

कंपनी म्हणेल, मीटर चांगलाच आहे, दोष बाहेरच्या वायरिंगचा, म्हणून १६.४ लागू नाही आणि कलम ५६(२) प्रमाणे दोन वर्षांपर्यंतची वसुली होते. त्यावर उत्तर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटर विनियमांत ‘मीटर’ या शब्दाच्या व्याख्येतच सीटी येते. सीटी गेली म्हणजे मीटर सदोष. शिवाय ग्राहकांच्या मीटरची किमान पाच वर्षांतून एकदा चाचणी करायची जबाबदारी त्याच विनियमांनी कंपनीवर टाकली आहे. तुमच्या मीटरची शेवटची चाचणी कधी झाली, ते माहिती अधिकारात विचारा. आणि दर महिन्याला फोटो घेऊन वाचन करणाऱ्याला २२ महिने डिस्प्लेवरचा शून्य करंट दिसला नाही, हेही तक्रारीत लिहा.

तरीही तीन महिने मिळतीलच, असं मी सांगणार नाही. एक फेज बंद पडल्याच्या प्रकरणांत पूर्ण काळाची वसुली योग्य ठरवणारे आदेशही झाले आहेत, विशेषतः डेटातून तारीख स्पष्ट दिसत असेल तेव्हा. म्हणून मागण्या दोन टप्प्यांत लिहा. मुख्य मागणी, बिल तीन महिन्यांपुरतं करावं. पर्यायी मागणी, एमआरआयमध्ये प्रत्यक्ष दिसणाऱ्या दिवसांपुरतंच करावं, त्या-त्या महिन्याच्या दराने, व्याज आणि विलंब आकार न लावता, जितक्या महिन्यांचा फरक तितक्या समान हप्त्यांत. चूक ग्राहकाची नसेल तेव्हा व्याजमाफी आणि हप्ते मंच आणि त्यावरचे विद्युत लोकपाल बहुधा देतात, पण मागितलं नाही तर कुणी आपणहून देत नाही.

भाराचा समतोलही तपासा. दोन पल्व्हरायझर तीन फेजवर सारखे चालतात हे खरं, पण पाकीट सील करायचं यंत्र, दिवे, पंखे, वजनकाटा हे सिंगल फेजवर असतात. ते आर किंवा वाय फेजवर असतील तर बी फेजचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी होता. तारतंत्रीकडून टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा करंट यंत्रं चालू असताना मोजून घ्या, फोटो काढा. फरक चार-पाच टक्क्यांचाच निघेल, पण २२,००० युनिटवर तोही हजाराच्या घरात जातो.

याच निमित्ताने बिलावर छापलेला गुणक, म्हणजे मीटरच्या आकड्याला ज्याने गुणतात तो एमएफ, सीटीवरच्या पाटीशी जुळवून पाहा. सीटी १००/५ ची आणि मीटर ५०/५ चा असेल तर गुणक २ हवा. तो चुकीचा असेल तर ते प्रकरण वेगळं. मीटरचा दोष नाही, हिशोबाची चूक, आणि तिथे तीन महिन्यांची मर्यादा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रेम कॉटेक्सच्या प्रकरणात हेच पाहिलं. १० ऐवजी ५ चा गुणक लागला होता. न्यायालय म्हणालं, राहून गेलेल्या वापराची मागणी ही सेवेतली त्रुटी नाही, आणि उद्योजक हरला. तो ग्राहक आयोगातून वर गेला होता. तुमच्या ओळखीच्या वकिलांना हे दाखवा. जिल्हा ग्राहक आयोगात ‘व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा’ हा आक्षेप येतोच, स्वतःच्या उदरनिर्वाहाचा धंदा असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं, आणि कलम १२६ ची आकारणी असेल तर ते दार २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या अनीस अहमद प्रकरणात बंद झालं. तुमची जागा म्हणजे विद्युत अधिनियमाच्या कलम ४२(५) खालचा, वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच.

दोन वर्षांच्या मर्यादेवर तुमचं फार काही उभं राहत नाही, २२ महिने आतच बसतात. एवढं लक्षात असू द्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च २०१९ मध्ये पहिल्या मागणीच्या आधीच्या दोन वर्षांपलीकडची मागणी नाकारली, तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये रहमतुल्ला खान प्रकरणात म्हटलं की चुकीमुळे राहिलेली मागणी नंतरही करता येते, पण दोन वर्षं उलटल्यावर तिच्यासाठी लाइन कापता येत नाही. जुन्या थकबाकीच्या वाचकांना हे जास्त उपयोगी. नागपुरात २०११ ते सप्टेंबर २०१९ या काळात गांधीबाग, महाल, सिव्हिल लाइन्सचं वितरण फ्रँचायझीकडे होतं. त्या काळातली थकबाकी अचानक बिलावर उगवली तर ती मधल्या प्रत्येक बिलात सलग दाखवली होती का, हे सीपीएलमध्ये, म्हणजे तुमच्या खात्याच्या महिनावार उताऱ्यात पाहायचं. सीपीएल तुम्हीही मागवा, पाच वर्षांचा. मोसमाचा वापर या वर्षी आणि त्याआधी किती, यावरून दोष खरंच २२ महिने होता का याचा अंदाज येतो. मागच्या दोन मोसमांचं दळण सारखं आणि युनिटही त्याआधीच्या मोसमाइतकेच, तर ३३ टक्के तूट आली कुठून? मालाच्या आवक-जावक वह्या किंवा जीएसटीची विवरणपत्रं सोबत जोडा.

आता लाइन. कलम ५६(१) प्रमाणे कापण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि कापण्याचा दिवस त्यात मोजत नाहीत. त्याच कलमाच्या परंतुकात तुमचा बचाव आहे : मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीवर काढलेला मासिक आकार, यातलं जे कमी असेल ते हरकत राखून भरलं, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तुमचे जून ते नोव्हेंबर हे मंदीचे महिने, सहा बिलांची बेरीज ८४,००० धरली तर सरासरी १४,०००. हेच प्रकरण जूनमध्ये आलं असतं तर सरासरीत मोसम आला असता. मात्र परंतुकात ‘प्रत्येक महिन्यासाठी’ असे शब्द आहेत, आणि काही कार्यालयं त्याचा अर्थ वादातला प्रत्येक महिना असा लावतात. म्हणून नुसत्या या भरण्यावर विसंबू नका. पैसे भरा आणि त्याच आठवड्यात मंचाकडून अंतरिम स्थगिती मागा.

भरताना अडचण येते ती अशी की ऑनलाइन आणि खिडकीवर प्रणाली एकूण रक्कमच मागते. बिलिंग विभागात जाऊन चालू बिल आणि वादातली रक्कम वेगळी करून घ्या, हाताने केलेली पावती मागा. सोबत हे पत्र द्या :

‘ग्राहक क्रमांक …. दिनांक … च्या बिलातील रु. २,३१,००० ची पुरवणी मागणी मला मान्य नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६(१) च्या परंतुकानुसार रु. … ही रक्कम हरकत व हक्क राखून भरत आहे. चालू बिल वेगळे भरले आहे, पावती सोबत. वादाचा निर्णय होईपर्यंत पुरवठा खंडित करू नये. स्थळ तपासणी अहवाल, एमआरआय डेटा, मीटर चाचणी अहवाल, सीपीएल व फरकाच्या हिशोबाचा महिनावार तक्ता यांच्या प्रती द्याव्यात.’

चालू बिल एकही महिना चुकवू नका. वादातल्या रकमेसाठी नाही, पण चालू बिलासाठी लाइन कापली की सगळा बचाव फुकट जातो.

मंचाची तक्रार विहित नमुन्यात द्यायची, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाचा पत्ता उपविभागात मिळेल. कंपनीला आधी दिलेल्या पत्राची शिक्क्याची प्रत जोडा. स्थगितीची मागणी वेगळ्या परिच्छेदात, ठळकपणे, नोटिशीची प्रत जोडून करा आणि लाइन कापण्याची तारीख लिहा. सुनावणीत वकील उभा राहू शकत नाही. तुम्ही स्वतः किंवा तुम्ही लेखी अधिकार दिलेला प्रतिनिधी, जो वकील नाही. वकिलांकडून मसुदा करून घ्यायला हरकत नाही, पण तक्ता तुम्हाला स्वतःला समजावून सांगता आला पाहिजे. मंचाने ६० दिवसांत आदेश द्यायचा असतो. विरोधात गेला तर आदेशापासून ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे. त्यांचं एक कार्यालय नागपुरातच आहे. तिथे आदेशातल्या देय रकमेच्या निम्मे किंवा २५,००० रुपये, जे कमी असेल ते आधी भरावं लागतं.

आणि तो काउंटर. मला पुरवणी बिलापेक्षा या एका ओळीची जास्त काळजी वाटते. मसाला मिल औद्योगिक दराच्या यादीत नावानिशी आहे, त्यामुळे दळणाबद्दल प्रश्न नाही. पण किरकोळ विक्री म्हणजे व्यापारी वापर, आणि मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वापर ही कलम १२६ मधली अनधिकृत वापराची एक व्याख्या आहे. उद्या या ओळीवरून तात्पुरत्या आकारणीचा आदेश आला तर घड्याळ वेगाने चालतं. अंतिम आदेश तात्पुरता आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत व्हायचा असतो, म्हणून हरकत आठवड्याच्या आत आणि सुनावणीची लेखी मागणी करून द्यायची. अंतिम आदेशावर अपील ३० दिवसांत विद्युत निरीक्षकांकडे, आकारलेल्या रकमेच्या निम्मे भरून. लाइन कापली जाण्याच्या भीतीने लोक यात मंचात जातात, मंच प्रकरण परत करतो, तोवर ३० दिवस उलटून गेलेले असतात.

दुसरी शक्यता, कंपनी १२६ न लावता तुमचा संपूर्ण दर मागच्या तारखेपासून व्यापारी करून फरक मागेल. तो वाद मात्र मंचाचा. तिथे नियामक आयोगाचा ११ फेब्रुवारी २००३ चा आदेश कामाला येतो : वर्गवारी बदलायची तर ग्राहकाला बाजू मांडू देऊन, आणि वसुली पुढच्या काळाची, मागची नाही. विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणाचाही ७ ऑगस्ट २०१४ चा निर्णय आहे, त्यात फरकाची वसुली चूक सापडल्याच्या तारखेपासून धरली आहे.

तोवर काउंटरवर काय भार आहे ते मोजून ठेवा. एक ट्यूब, एक पंखा, एक काटा असेल तर तसा फोटो, खोलीचं मोजमाप, आणि ‘येथे स्वतःच्याच उत्पादनाची विक्री’ अशी नोंद. त्या खोलीसाठी सिंगल फेजचं स्वतंत्र व्यापारी कनेक्शन मागणारा अर्ज याच महिन्यात टाका आणि मिळेपर्यंत खोलीची वायर मिलच्या बोर्डापासून सोडवा. दोन कनेक्शनची वायरिंग एकमेकांत अडकली नाही ना, हे परवानाधारक ठेकेदाराच्या चाचणी अहवालात लिहून घ्या, नाहीतर पुढच्या तपासणीत ‘एका जोडणीवरून दुसऱ्या जागेला पुरवठा’ असा नवाच शेरा पडतो.